खेळयंत्राच्या खिडकीतून महाजाल



दूरचित्रवाणी संचाला जोडून ज्यावर खेळ खेळतात ते यंत्र, म्हणजे व्हिडिओ गेम कन्सोल, तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. या लेखापुरते आपण त्याला 'खेळयंत्र' म्हणू. आज एका कोड्यापासून सुरुवात करू या.

जपानमधील सेगा या कंपनीने २७ नोव्हेंबर १९९८ रोजी ड्रीमकास्ट नावाचे खेळयंत्र बाजारात आणले. त्यातील प्रक्रियक (प्रोसेसर) सेकंदाला २० कोटी ठोक्यांच्या तालावर चालत असे. पडद्यावर मोटारींची शर्यत लावली की रस्ता, झाडे, वळणे, धूळ, सारे काही क्षणाक्षणाला नव्याने रेखाटले जाई आणि कोठेही अडखळत नसे. या यंत्राच्या पाठीमागे दूरध्वनीची तार जोडण्याची सोय होती. यंत्रासोबत एक वेगळी तबकडी येई. ती आत घालून तार जोडली की तेच यंत्र महाजालावरील, म्हणजे इंटरनेटवरील, पाने दाखवू लागे. ज्या घरात संगणक नाही, पण दूरचित्रवाणी संच आणि दूरध्वनी आहे, त्या घरालाही जगातील माहितीचे दार उघडेल, अशी ही कल्पना होती.

परंतु गंमत अशी की, शर्यतीत बाणासारखे धावणारे हे यंत्र चार छायाचित्रे असलेले साधे पान दाखवायला कधी कधी मिनिटभर वेळ घेई. यंत्र तेच, प्रक्रियक तोच, पडदाही तोच. मग हा फरक का पडावा? पुढे वाचण्यापूर्वी क्षणभर थांबा आणि तुमचे उत्तर मनाशी ठरवा.

हौद मोठा, नळ बारीक

खेळ कोठून येतो? तो यंत्रात घातलेल्या तबकडीवरून येतो. ड्रीमकास्टच्या तबकडीवर सुमारे १०० कोटी बाइट माहिती मावत असे आणि ती सेकंदाला लाखो बाइट या वेगाने वाचली जाई. महाजालावरील पान मात्र दूरध्वनीच्या तारेतून येते. जपानमधील ड्रीमकास्टला सेकंदाला जास्तीत जास्त ३३,६०० बिट घेणारा मोडेम होता. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून,

३३,६०० ÷ ८ = ४,२०० बाइट दर सेकंदाला.

एखादे पान चित्रांसह २,००,००० बाइटचे असेल, तर ते यायला सुमारे ४८ सेकंद लागतील. एका तबकडीवरची सर्व माहिती या तारेतून आणायची म्हटली तर किती वेळ लागेल? १०० कोटींना ४,२०० ने भागा. उत्तर सुमारे २,३८,००० सेकंद, म्हणजे ६६ तास येते. पावणेतीन दिवस! हौद केवढाही मोठा असो, नळ बारीक असेल तर घागर भरायला वेळ लागणारच. कोड्याचे पहिले उत्तर मिळाले : दोष यंत्राचा नव्हता, तारेचा होता.

पण तुम्ही विचाराल की, तारेतून याहून वेगाने माहिती का पाठवता येऊ नये? विद्युत तर तारेतून प्रचंड वेगाने जाते!

इथे एक बारकावा लक्षात घ्या. संदेश किती लवकर पोहोचतो आणि दर सेकंदाला किती माहिती पोहोचते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आगगाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने धावली, तरी तिला एकच डबा असेल तर माणसे थोडीच जातील. दूरध्वनीची व्यवस्था माणसाच्या बोलण्यासाठी उभारलेली होती. बोलणे समजण्यासाठी साधारण सेकंदाला ३०० ते ३,४०० कंपने एवढ्याच पट्ट्यातील ध्वनी पुरेसे असतात. त्याबाहेरची कंपने ही व्यवस्था गाळून टाकते. म्हणजे पट्ट्याची रुंदी ३,१०० कंपने एवढीच.

मोडेम काय करतो? तो शून्य आणि एक या अंकांचे रूपांतर या पट्ट्यात बसणाऱ्या आवाजांत करतो आणि पलीकडून आलेल्या आवाजांचे पुन्हा अंक करतो. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ पासून विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांना इंटरनेट उपलब्ध करून दिले, तेही दूरध्वनीच्या तारेवरूनच. त्या काळी मोडेम वापरलेल्या एखाद्या काकांना किंवा मावशींना विचारा. जोडणी होताना येणारा किर्र, टुंग, खर्र असा आवाज त्यांना आजही आठवत असेल. ते दोन मोडेमचे एकमेकांशी बोलणे होते : 'तार कितपत स्वच्छ आहे? किती वेगाने बोलू या?'

आता मर्यादेचे गणित. अमेरिकन शास्त्रज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये दाखवून दिले की, एखाद्या मार्गातून दर सेकंदाला बिनचूक जाऊ शकणारी माहिती दोनच गोष्टींवर अवलंबून असते. एक, पट्ट्याची रुंदी आणि दुसरी, संदेशाची शक्ती गोंगाटाच्या किती पट आहे ती. गोंगाट म्हणजे तारेतील नको असलेली खरखर. चांगल्या तारेवर संदेश गोंगाटाच्या सुमारे २,००० पट शक्तीचा आहे असे धरू. मग असे विचारायचे की, २ ला २ ने किती वेळा गुणत गेल्यास साधारण २,००० येतील? अकरा वेळा २ घेऊन गुणाकार केला तर २,०४८ येतात. म्हणून,

३,१०० × ११ = ३४,१०० बिट दर सेकंदाला.

मोडेमचा वेग होता ३३,६००! अभियंत्यांनी निसर्गनियमाच्या भिंतीला जवळजवळ हात टेकवला होता. यापुढे प्रक्रियक कितीही वेगवान केला असता, तरी या तारेतून पान लवकर आले नसते.

नियम मोडला काय?

ड्रीमकास्ट ९ सप्टेंबर १९९९ रोजी अमेरिकेत आले, तेव्हा त्यात ५६,००० बिटांचा मोडेम होता. मग शॅनन यांचा नियम चुकला म्हणायचा काय?

मुळीच नाही. दूरध्वनी केंद्रात तुमच्या आवाजाचे दर सेकंदाला ८,००० वेळा मोजमाप होते आणि प्रत्येक मापाची ८ बिटांची संख्या बनते. ८,००० × ८ = ६४,०००. आवाजाची संख्या करताना माप जवळच्या पूर्णांकात बसवावे लागते आणि त्यात थोडी चूक होते. ही चूक म्हणजेच गोंगाटाचा एक मोठा उगम होय. १९९० नंतरच्या दशकात महाजालाची सेवा देणाऱ्यांनी आपली यंत्रे दूरध्वनी केंद्राला थेट अंकांच्या मार्गाने जोडली. त्यामुळे तिकडून घराकडे येणाऱ्या माहितीला आवाज होऊन पुन्हा संख्या होण्याची गरज उरली नाही आणि तो गोंगाट टळला. आठांपैकी सात बिटे वापरली, तर ८,००० × ७ = ५६,०००. घराकडून केंद्राकडे जाताना मात्र आवाजाच्या संख्या कराव्याच लागत, म्हणून उलट दिशेचा वेग ३३,६०० च राहिला. नियम मोडला नाही. नियमातील गोंगाट कमी केला. विज्ञानात पुढे जाण्याची ही एक उत्तम रीत आहे.

पाटी लहान, चित्र मोठे

समजा, तार रुंद झाली. आता अडचण संपली का? नाही. ती पुढच्या ठिकाणी सरकली.

महाजालावरून येणारे छायाचित्र घडी घालून, दाबून बसवलेले असते. एखादे चित्र १ लाख बाइटमध्ये येते. पण पडद्यावर दाखवण्यासाठी त्याची घडी उलगडावी लागते. चित्र १,००० ठिपके रुंद आणि ७५० ठिपके उंच असेल, तर ठिपके झाले ७,५०,०००. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी २ बाइट धरले, तरी १५ लाख बाइट लागतात. मुठीत मावणारे धोतर वाळत घालायला लांब दोरी लागते, तसेच हे.

ही दोरी म्हणजे यंत्राची स्मृती. सेगाच्याच सॅटर्न या आधीच्या खेळयंत्राला अमेरिकेत १९९६ मध्ये मोडेमची जोड मिळाली होती. त्याची मुख्य स्मृती केवळ २ मेगाबाइट, म्हणजे सुमारे २० लाख बाइट होती. ड्रीमकास्टची १६ मेगाबाइट होती. निंटेंडो कंपनीच्या डीएस या हातात धरायच्या खेळयंत्राची ४ मेगाबाइट. या डीएससाठी जपानमध्ये २००६ साली ब्राउझर, म्हणजे पाने दाखवणारा कार्यक्रम, विक्रीस आला, तेव्हा त्याबरोबर स्मृती वाढवणारी एक वेगळी वडी द्यावी लागली. ती यंत्राच्या दुसऱ्या खाचेत बसवल्याशिवाय ब्राउझर चालतच नसे. वरचे गणित करणाऱ्याला याचे नवल वाटणार नाही : तशी दोन चित्रे उलगडली की ३० लाख बाइट गेले आणि ब्राउझरला स्वतःला बसायलाही जागा हवीच.

मग खेळांना एवढी स्मृती पुरते कशी? कारण खेळ लिहिणाऱ्याला यंत्राचे माप ठाऊक असते. तो प्रत्येक चित्र त्या मापाने कापून घेतो. महाजालावरील पान लिहिणाऱ्याला मात्र ते कोणत्या यंत्रावर वाचले जाईल हे ठाऊक नसते. खेळ म्हणजे आपल्या मापाने शिवलेला सदरा आणि पान म्हणजे कोणाच्याही मापाचा न पाहता शिवलेला सदरा. फरक तेथेच आहे.

लांबून वाचण्याची अडचण

पुस्तक आपण डोळ्यांपासून सुमारे ४० सेंटीमीटर अंतरावर धरतो. दूरचित्रवाणी संच पाहताना अंतर सुमारे २५० सेंटीमीटर असते, म्हणजे सव्वासहा पट. अक्षर तेवढेच स्पष्ट दिसावे यासाठी ते डोळ्याशी तेवढाच कोन करणारे हवे. पुस्तकातील २ मिलिमीटरचे अक्षर पडद्यावर साडेबारा मिलिमीटरचे करावे लागेल. दोन ओळींतील मोकळी जागा धरून एका ओळीला २५ मिलिमीटर लागतील. जुन्या २१ इंची संचाच्या पडद्याची उंची सुमारे ३२ सेंटीमीटर. म्हणजे एका वेळी जेमतेम बारा-तेरा ओळी! शर्यतीतील मोटार लांबूनही ओळखू येते. 'घ' आणि 'ध' यांतील फरक लांबून ओळखू येत नाही.

त्यातच जुन्या संचांची आणखी एक खोड होती. अमेरिका व जपानमधील संचांवर चित्राच्या आधी विषम आणि मग सम रेघा रेखाटल्या जात. त्यामुळे प्रत्येक रेघ सेकंदाला ३० वेळाच उजळे. हलत्या चित्रात हे जाणवत नाही. पण एकाच रेघेएवढी बारीक आडवी रेषा, उदाहरणार्थ 'T' या अक्षराचा माथा, डोळ्यांसमोर थरथरत राही. आपल्या देवनागरीच्या शिरोरेषेचे काय झाले असते, याची कल्पना करा!

बोटांचे श्रम आणि निरांजनाचा उजेड

पानाचा पत्ता लिहायचा तर अक्षरफलक हवा. ड्रीमकास्टसाठी तो वेगळा विकत मिळे. तो नसेल तर पडद्यावर अक्षरांचा तक्ता उघडायचा आणि खेळाची कळ दाबत एकेका अक्षरापर्यंत जायचे. तक्ता १० रकाने आणि ४ ओळींचा धरला, तर एका अक्षरापासून दुसऱ्यापर्यंत सरासरी साडेचार घरे चालावी लागतात आणि मग निवडण्यासाठी एकदा कळ दाबावी लागते. ३० अक्षरांच्या पत्त्याला सुमारे १६५ वेळा कळ दाबणे आले!

निंटेंडोच्या २००६ मधील वी या यंत्राने येथे सुंदर युक्ती केली. हातातील दांडी पडद्याकडे रोखायची, की बाण तेथे सरकतो. अनेकांचा समज असा की, संचावर ठेवलेली पट्टी दांडीला पाहते. प्रत्यक्षात उलटे आहे! पट्टीच्या दोन टोकांना अवरक्त किरण देणारे दिवे आहेत, एवढेच. पाहणारा डोळा दांडीच्या टोकाला आहे. त्या डोळ्याला दोन तेजस्वी ठिपके कोठे दिसतात, यावरून दांडीचा रोख ठरतो. ठिपके एकमेकांपासून दूर दिसले की माणूस जवळ आहे, जवळ दिसले की तो लांब आहे. पट्टीऐवजी दोन मेणबत्त्या ठेवूनही हे यंत्र चालते, कारण ज्योतीतूनही अवरक्त किरण निघतात. तेव्हा देवघरातील दोन निरांजनेही ते काम करू शकतील. (संचाजवळ ज्योत ठेवणे धोक्याचे आहे, हा प्रयोग मनातच करावा.)

किल्ली जुनी झाली

आता कोड्याचा दुसरा आणि मला अधिक महत्त्वाचा वाटणारा भाग. सेगाने ड्रीमकास्टचे उत्पादन २००१ मध्ये थांबवले. तरी अनेक यंत्रे आजही ठणठणीत आहेत. काही हौशी लोक रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक आणि एक मोडेम घेऊन त्यांना दूरध्वनी केंद्राचे सोंग घ्यायला लावतात. तो ड्रीमकास्टला दूरध्वनीचा नेहमीचा सूर ऐकवतो, त्याचा 'फोन' उचलतो आणि त्याला आजच्या महाजालाशी जोडून देतो. बिचाऱ्या यंत्राला वाटते, १९९९ सालच चालू आहे!

इतके होऊनही बहुतेक पाने उघडत नाहीत. का? तार आहे, स्मृती आहे, पडदाही आहे. अडचण कुलपाची आहे. आज बहुतेक पाने गुप्तलिपीत पाठवली जातात, म्हणजे वाटेत कोणी चोरून वाचू नये किंवा बदलू नये. त्यासाठी दोन्ही बाजूंना एकच लिपी यावी लागते. जुन्या लिप्या फोडता येतात असे दिसल्यावर त्या टाकून नव्या घेतल्या गेल्या. शिवाय पान खरोखर त्याच ठिकाणाहून आले याची ग्वाही देणारे दाखले असतात आणि त्या दाखल्यांना मुदत असते. ड्रीमकास्टचा ब्राउझर तबकडीवर कायमचा कोरलेला. त्याला नवी लिपी शिकवता येत नाही. त्यामुळे गुप्तलिपी न वापरणारी साधी पानेच त्याच्यावर दिसू शकतात.

येथे नीट विचार करा. तबकडीवरील कार्यक्रम बदलता येत नाही, म्हणून तो बिघडतही नाही. आणि बदलता येत नाही, म्हणूनच तो मागे पडतो. एकच गुण एका काळी बळ ठरतो आणि दुसऱ्या काळी उणीव.

नव्या यंत्रांचे काय? मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवर आज ब्राउझर आहे. सोनीच्या २०२० मधील प्लेस्टेशन ५ वर किंवा निंटेंडोच्या २०१७ मधील स्विचवर मात्र सर्वांसाठी खुला ब्राउझर दिलेला नाही. त्यांची शक्ती ड्रीमकास्टच्या कितीतरी पट आहे, स्मृती हजारो मेगाबाइट आहे. म्हणजे तेथे शॅनन यांचा नियम आड येत नाही की स्मृतीचे गणितही आड येत नाही. ब्राउझर ठेवला तर त्यातील दोषांमधून यंत्रात शिरकाव करता येतो, हे पूर्वीच्या काही खेळयंत्रांबाबत घडलेले आहे. कारण काहीही असो, ही मर्यादा माणसाने ठरवलेली आहे.

मर्यादा तीन प्रकारच्या

मित्रहो, एका खेळयंत्राच्या निमित्ताने आपल्याला तीन प्रकारच्या मर्यादा भेटल्या. पहिली निसर्गनियमाची : तारेची रुंदी आणि गोंगाट. तिच्याशी भांडता येत नाही. ती ओळखून वाट काढावी लागते. दुसरी काटकसरीची : स्मृती कमी होती, कारण ती महाग होती. काळाबरोबर ती सरकते. तिसरी निर्णयाची : करता येते, पण करू दिलेले नाही, किंवा पुढे बदलण्याची सोय ठेवलेली नाही. ती प्रश्न विचारून तपासता येते.

एखादे यंत्र 'हे मला जमत नाही' असे म्हणेल, तेव्हा लगेच ते टाकाऊ ठरवू नका. आधी विचारा : या तिघींपैकी कोणती मर्यादा आडवी आली? घरात एखादा जुना भ्रमणध्वनी पडून असेल, तर त्याच्यापासूनच सुरुवात करा. हे विचारता येणे म्हणजे यंत्र नुसते वापरणे आणि यंत्र समजणे यांतील फरक होय.

करून पाहा

१. एक पान २१ लाख बाइटचे आहे. ३३,६०० बिटांच्या मोडेमवरून ते यायला किती मिनिटे व सेकंद लागतील?

२. दूरध्वनीच्या तारेत संदेश गोंगाटाच्या २,००० पटींऐवजी ४,००० पट केला, तर मर्यादा दुप्पट होईल काय? गणित करून सांगा. (सूचना : २ ला २ ने आणखी किती वेळा गुणावे लागेल ते पाहा.)

३. अंधाऱ्या खोलीत दूरचित्रवाणीच्या दूरनियंत्रकाचे टोक भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्यासमोर धरा आणि कळ दाबा. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश काही कॅमेऱ्यांना दिसतो. भ्रमणध्वनीचे पुढचे आणि मागचे असे दोन्ही कॅमेरे वापरून पाहा. दोहोंत फरक आढळला तर तो का असावा, याचा विचार करा.

४. १० रकाने आणि ४ ओळींचा अक्षरतक्ता वहीत आखा. त्यावर तुमच्या शाळेचे नाव लिहायला किती वेळा कळ दाबावी लागेल ते मोजा. मग अक्षरांची जागा बदलून हे श्रम कमी करता येतात का, ते शोधा.

(उत्तरे : १. ५०० सेकंद, म्हणजे ८ मिनिटे २० सेकंद. २. नाही; ११ ऐवजी १२ होतील, म्हणजे मर्यादा ३,१०० × १२ = ३७,२०० बिट होईल. शक्ती दुप्पट केली, पण लाभ अकराव्या हिश्श्याचाच!)